आईसाठी मालदीवचं बेट निवडताना

माझ्या आईनं अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. माण-खटावकडच्या शाळा, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं, आणि तिथल्या नववीच्या वर्गात फळ्यावर पांढऱ्या खडूनं काढलेल्या तीन आकृत्या. पहिलीत समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर आणि त्याच्या काठाला चिकटलेली पोवळ्यांची किनार. दुसरीत डोंगर निम्मा खचलेला, किनार मात्र वर वाढत गेलेली आणि दोघांच्या मध्ये पाणी. तिसरीत डोंगर पाण्याखाली गडप झालेला आणि पोवळ्यांचं नुसतं कडं उरलेलं. हे कंकणद्वीप. डार्विननं १८४२ मध्ये मांडलेली ही उपपत्ती आई फार रंगून सांगायची. मी लहान असताना तिच्या वर्गाच्या दाराशी उभी राहून ती ऐकली आहे. तिनं स्वतः पाहिलेला समुद्र मात्र गणपतीपुळ्याचा आणि एकदा कन्याकुमारीचा, एवढाच.

२०२४च्या दिवाळीत ती पुण्याला माझ्याकडे आली होती. फेब्रुवारीत तिला पासष्ट पूर्ण होणार होती. तुला काय हवं ते सांग, साडी सोडून, असं मी म्हटलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला एकदा कंकणद्वीप वरून बघायचंय. खाली उभं राहून ते दिसत नाही गं, वरूनच दिसतं."

माझ्या मनात बरीच वर्षं पाण्यावरच्या खोलीत राहायची इच्छा होती. समुद्रात खांब रोवून बांधलेली घरं, मागच्या दारातून थेट पाण्यात उतरणारी शिडी. दोघींच्या इच्छा एकाच ठिकाणी पुऱ्या होतील असं मला वाटलं आणि मी मालदीवचं नाव काढलं. आईनं लगेच विचारलं, "आपलं लक्षद्वीप का नको?" प्रश्न रास्त होता. आपल्या देशातली कंकणद्वीपं तिथेच आहेत. मी दोन आठवडे त्याच्याच मागे होते. परवाना, कोचीहून अगत्तीचं छोटं विमान, पुढे बोटीचा प्रवास, हे सगळं जमण्यासारखं होतं. अडलं ते आईच्या गुडघ्यापाशी. तिचा उजवा गुडघा २०२२ मध्ये बदललाय. तिथल्या बऱ्याच बेटांशी मोठी बोट काठाला लागत नाही, हलत्या बोटीतून लहान बोटीत उतरावं लागतं. ते मला नको होतं. आणि पाण्यावरची खोली तिथे मिळतच नव्हती. ते पुढच्या खेपेला, असं आईनंच ठरवलं.

मालदीवमध्ये जवळपास १,२०० बेटं आहेत आणि एका रिसॉर्टला एक अख्खं बेट, अशी तिथली पद्धत. पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ मध्ये राजधानी माले शहराजवळच्या एका बेटावर उघडलं. आता त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली आहे. म्हणजे हॉटेल निवडायचं तर आधी बेट निवडावं लागतं. एकदा उतरलात की शेजारी दुसरं दुकान नाही, दुसरी खानावळ नाही, रिक्षा करून दुसरीकडे जायची सोय नाही. चुकलं तर चार दिवस त्या चुकीतच राहायचं. हे डोक्यात बसलं आणि मी घाई करणं थांबवलं.

पहिला कोटेशन आला तो पुण्यातल्या एका एजंटकडून. दोघींचे चार रात्रींचे २ लाख १० हजार, विमानासकट, "सगळं धरून". मी हरखले. नंतर कागद नीट वाचला तेव्हा कळलं की सीप्लेन, म्हणजे मालेहून बेटावर नेणारं आणि पाण्यावर उतरणारं लहान विमान, त्यात नाही, कर त्यात नाहीत आणि जेवण फक्त सकाळचं. मी फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, ते तर सगळ्यांनाच एक्स्ट्रा असतं." मला वाईट वाटलं, कारण तोवर मी आईला आकडा सांगून बसले होते आणि तिनं पेन्शनमधून निम्मे द्यायचं कबूलही केलं होतं.

म्हणून हिशेब इथे मांडते. रिसॉर्टच्या दरापुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर तो दर अर्धवट आहे असं समजा. त्यावर १० टक्के सेवाशुल्क लागतं आणि सेवाशुल्कासकट झालेल्या रकमेवर तिथला पर्यटन जीएसटी. आम्ही गेलो तेव्हा तो १६ टक्के होता, १ जुलै २०२५ पासून १७ झालाय. म्हणजे ४०० डॉलरची खोली आधी ४४० ची होते आणि मग आमच्या वेळी ५१० ची, १७ टक्क्यांनी ५१५ ची. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर हरित कर. तो जानेवारी २०२५ मध्ये ६ वरून दुप्पट झाला. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतला आकडा धरून चालू नका. आमच्या चार रात्रींचे दोघींचे ९६ डॉलर नुसते त्यात गेले. सीप्लेनचे जाऊन-येऊन माणशी ४६० डॉलर. हा आकडा पाहून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते.

सीप्लेनशिवाय जाता येतं. माले विमानतळापासून जवळची बेटं स्पीडबोटीनं अर्ध्या-पाऊण तासात गाठता येतात आणि पैसे पुष्कळ वाचतात. लांबच्या बेटांना देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. माझ्या ओळखीच्या तिघींनी, तिघीही जाऊन आलेल्या, एकच सल्ला दिला: स्पीडबोट घे, आईला त्रास नको, वाचलेल्या पैशांत खोली चांगली घे. खोलीपुरता विचार केला तर सल्ला अगदी बरोबर होता. पण स्पीडबोटीतून लाटा दिसतात, कंकणद्वीप दिसत नाही. आई काही बोलली नाही. "तुला सोयीचं ते बघ," एवढंच म्हणाली. मला माहीत आहे, ती असं म्हणते तेव्हा तिनं मनातून ती गोष्ट सोडून दिलेली असते. त्या रात्री मी ठरवलं की सीप्लेन धरून बाकीचं बसवायचं. खोली लहान चालेल, मुक्काम कमी रात्रींचा चालेल.

एकदा हे ठरल्यावर बरेच प्रश्न आपोआप सुटले. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. मालेला साधारण दुपारी साडेतीनच्या आत पोचलात तर त्याच दिवशी बेटावर, नाहीतर रात्र माले किंवा हुळुमालेत काढायची. मला सापडलेलं सगळ्यांत स्वस्त तिकीट संध्याकाळी पोचणारं होतं. एका रात्रीचं हॉटेल आणि फुकट गेलेला दिवस धरला तर ते महागच पडत होतं. मुंबईहून सकाळी निघणारं थेट विमान घेतलं, जेमतेम तीन तासांचं. सामान माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो, हा सीप्लेनचा नियम. आमच्या मोठ्या विमानात त्याहून जास्त चाललं असतं, पण मोजायचं ते लहान विमानाच्या मापानं.

मग बेट. संकेतस्थळांवरची छायाचित्रं बघून निवडायचा प्रयत्न मी महिनाभर केला आणि त्यातून काहीही हाती लागलं नाही. सगळीकडे तेच निळं पाणी, तोच झुला, तीच पाठमोरी बाई. सुटका झाली ती उपग्रहाच्या चित्रानं. गूगल अर्थ उघडून बेटाचं नाव टाकायचं आणि शांतपणे बघायचं. हे मी आईला सुचवलं आणि पुढचा आठवडा ती माझ्या लॅपटॉपसमोरून उठली नाही. नकाशा वाचायचं काम तिचंच.

तिनं मला जे शिकवलं ते असं. बेटाभोवती फिकट हिरवा-निळा पट्टा दिसतो ते खारकच्छ, उथळ पाणी आणि तळाशी वाळू. त्याच्या कडेला तपकिरी, खरबरीत दिसणारी रेघ म्हणजे पोवळ्यांची भिंत. तिच्यापलीकडे एकदम गडद निळं, तिथे तळ खोल गेलेला. पाण्यावरच्या खोल्या फिकट पट्ट्याच्या मधोमध असतील तर रंग सुरेख दिसेल, पण खाली वाळूशिवाय काही नाही, मासे थोडे. खोल्या तपकिरी रेघेजवळ असतील तर मासे पुष्कळ, पण पाणी खोल आणि गडद, न पोहणाऱ्या माणसाला शिडीवरून उतरायला भीती वाटेल. फोटोतल्या ज्या निळाईवर आपण भाळतो ती बहुतेक वेळा नुसत्या वाळूची असते. आम्हाला दोन्ही थोडं थोडं हवं होतं: शिडीखाली कमरेएवढं पाणी आणि जेटीवरून चालत जाऊन वाकून बघता येईल इतक्या जवळ पोवळी. आईला पोहता येत नाही. या वयात शिकणारही नाही असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं.

रेघेवर पांढरा फेस कुठे दिसतो तेही तिनं बघितलं. फेब्रुवारीत तिथे ईशान्येकडून वारा असतो. त्या कोरड्या मोसमाला तिथल्या दिवेही भाषेत इरुवाई म्हणतात. साधारण मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्येचा, पावसाचा. म्हणजे फेब्रुवारीत पूर्वेच्या खोल्यांना वारा लागणार. पण पूर्वेला भिंत लांब असेल तर लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी शांत राहतं. फेस त्या भिंतीवर दिसला म्हणजे काळजी नाही. हे मला कुठल्याच एजंटनं सांगितलं नव्हतं.

पूर्व-पश्चिमेचा आणखी एक भाग पैशाचा. सूर्यास्त दिसणाऱ्या खोल्या महाग असतात, आम्ही बघितलेल्या ठिकाणी रात्रीला ५० ते ७० डॉलरनी. आई पहाटे पाचला उठते, हरिपाठ म्हणते, उगवतीकडे तोंड करून चहा घेते. सूर्योदयाच्या बाजूची स्वस्त खोली आमच्यासाठीच होती.

नोव्हेंबरच्या शेवटी सात रिसॉर्ट उरली. सातही जणांना मी एकच ईमेल पाठवला. सीप्लेन थेट जेटीला लागतं की खारकच्छातल्या तरंगत्या फळीवर उतरवून पुन्हा बोटीत बसवतात? जेटीपासून खोलीपर्यंत किती मीटर आणि बग्गी कितीदा मिळते? शिडीला दोन्ही बाजूंनी कठडा आहे का, पायऱ्या किती? दोन वेगळे पलंग मिळतील का? कांदा-लसूण चालतं, पण मासे, मटण, अंडी अजिबात न खाणाऱ्या माळकरी बाईला चार दिवस काय मिळेल? आणि तुमची पोवळी आज कशी आहेत?

शेवटचा प्रश्न आईचा. १९९८, २०१६ आणि २०२४, या तिन्ही वर्षी समुद्राचं पाणी जास्त तापलं आणि मालदीवमधली पोवळी मोठ्या प्रमाणात पांढरी पडली. उष्णतेनं पोवळ्याचा जीव आपल्या आतल्या शेवाळाला बाहेर टाकतो. रंग आणि अन्न दोन्ही त्या शेवाळाचं, त्यामुळे ताप लवकर उतरला नाही तर पोवळं मरतं. आम्ही निघणार होतो ते २०२४च्या तापानंतर दहा महिन्यांच्या आत.

सातांपैकी चौघांचं उत्तर आलं. दोघांनी छापील मजकूर पाठवला, त्यात पोवळी "रंगांची उधळण" वगैरे होती. एकानं सांगितलं की त्यांच्याकडे विमान तरंगत्या फळीवर लागतं. प्रामाणिक उत्तर, पण आमच्या कामाचं नाही. चौथ्याचं उत्तर दोन पानी होतं, तिथल्या सागरी जीवशास्त्रज्ञ मुलीनं स्वतः लिहिलेलं. उत्तरेकडची भिंत बरीच मेली आहे, पूर्वेकडे मोठी गोल पोवळी तगली आहेत, फांद्यांची गेली, मासे आहेत, कासव रोज दिसतं, खोट्या आशेनं येऊ नका. विमान जेटीला लागतं. शिडीला अकरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, तो डाव्या. आईचा उजवा गुडघा बदललेला, डाव्या हाताला आधार चालेल का, हेही तिनं विचारलं होतं. आई म्हणाली, "हीच." आम्ही पुढे शोधलं नाही. बेट उत्तर अरी अटॉलमधलं, अटॉल म्हणजे कंकणद्वीपच. नाव मी लिहीत नाही, कारण माझ्या आईला जुळलं ते तुमच्या माणसाला जुळेलच असं नाही.

खोल्यांची वाटणी केली: पहिल्या दोन रात्री किनाऱ्यावरच्या खोलीत, शेवटच्या दोन पाण्यावर. किनाऱ्याची खोली रात्रीला १२० डॉलरनी स्वस्त होती आणि आईला समुद्राची सवय व्हायला वेळ मिळणार होता. उलट क्रमानं करू नये असं मला वाटतं, पाण्यावरून वाळूत आलं की मन खट्टू होतं. पाण्यावरची खोली मागताना मी दोन गोष्टी लिहून घेतल्या: बेटाकडून तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या आत हवी, आणि जमिनीत काच असलेली हवी. जेटीच्या टोकाच्या खोल्या सगळ्यांत मागणीच्या, एकांत आणि मोकळं पाणी. तिथून जेवायला येताना साडेपाचशे मीटर चालावं लागलं असतं. जेवण मी तिन्ही वेळचं घेतलं. दोनच वेळचं घेऊन दुपारी मागवायचं ठरवलं तर एका साध्या पास्त्याला करांसकट तीसेक डॉलर पडत होते.

सगळं धरून दोघींचे ३ लाख ७ हजार झाले. ठरवलेल्या तीन लाखांपेक्षा सात हजार जास्त.

एक गोष्ट आईला सांगायला मला जड गेली. आईजवळ पितळेचा बाळकृष्ण असतो, अंगठ्याएवढा. वारीला, माहेरी, दवाखान्यात गुडघ्याच्या ऑपरेशनला, सगळीकडे तो पिशवीत बरोबर असतो. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत, तसा कायदाच आहे. दारू आणि डुकराचं मांस न्यायलाही तशीच बंदी. मी आईला हे जानेवारीत सांगितलं. तिनं कायदा काय आहे ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "त्यांच्या घरी त्यांचा नियम. बाळकृष्ण चार दिवस सुनेकडे राहील." निघायच्या आदल्या दिवशी तिनं वहिनीला नैवेद्याच्या वेळा सांगितल्या, अगदी बारकाईनं. गळ्यातली तुळशीची माळ तिच्या गळ्यातच होती, तिला कुणी हरकत घेतली नाही.

प्रवेशासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. निघण्याआधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तो फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार. मालेला उतरल्यावर आम्हाला सीप्लेनच्या धक्क्यावर नेलं. तिथे पावणेदोन तास थांबावं लागलं. विमानाची वेळ रिसॉर्टांच्या प्रवाशांची मोट बांधून ठरते, आपल्या हाती काही नसतं. विमान ट्विन ऑटर, पंधराएक माणसांचं. तरंगत्या फळीवरून तीन-चार अरुंद पायऱ्या चढून आत जायचं. मी मागे, पुढे एक कर्मचारी हात देऊन उभा, आणि आईनं डावा पाय आधी टाकून एकेक पायरी घेतली. जागांना नंबर नसतात. मी धक्क्यावरच्या माणसाला आधीच सांगून ठेवलं होतं की माझी आई भूगोलाची शिक्षिका आहे आणि तिला खिडकी हवी आहे. त्यानं आम्हाला सगळ्यांच्या आधी सोडलं. आई उजव्या खिडकीशी बसली. दोन्ही पायलट अनवाणी होते, हे तिनं मला खुणेनं दाखवलं.

आवाज इतका की बोलणं अशक्य. मालेची दाट वस्ती मागे गेली, मग बराच वेळ नुसता गडद समुद्र. मालदीवची अटॉल दोन रांगांत आहेत आणि अरी पश्चिमेच्या रांगेत, त्यामुळे मध्ये खोल पाणी ओलांडावं लागतं. आई कपाळ काचेला टेकवून बसली होती. मग ते आलं. आधी एक फिकट रेघ, मग ती वळली, आणि वळता वळता पूर्ण झाली. बाहेर काळसर निळं, कडेला तपकिरी, आत दुधी हिरवं. आणि मोठ्या कड्याच्या आत लहान लहान कडी, एकामागून एक, काहींत बेट, काही नुसतीच रिकामी. कड्यातली ही कडी मालदीवची खासियत. त्यांना फारो म्हणतात, शब्द दिवेहीचाच. अटॉल हा शब्दही जगाला याच भाषेनं दिला.

आई माझ्याकडे वळली नाही. तिनं मागे हात करून माझं मनगट धरलं आणि माझ्या हातातली बांगडी बोटानं गोल फिरवली. दोनदा.

पंचवीस-तीस मिनिटांचा तो प्रवास. त्यात मध्ये एका दुसऱ्या बेटावर विमान उतरलं, तिथलं जोडपं उतरलं, आम्ही पुन्हा उडालो, आणि आईला हे सगळं दुसऱ्यांदा बघायला मिळालं.

बेटावर काय जमलं आणि काय नाही, तेही लिहिते. रिसॉर्टचं घड्याळ मालेपेक्षा तासभर पुढे होतं. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, म्हणजे बेट आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. परतीच्या विमानाची वेळ विचारताना ती कुठल्या घड्याळानं ते विचारून घ्या. दोन पलंगांचं आश्वासन किनाऱ्यावरच्या खोलीत पाळलं गेलं, पाण्यावरच्या खोलीत विसरलं गेलं. तिथे एकच मोठा पलंग, त्यावर टॉवेलचे दोन हंस आणि फुलांच्या पाकळ्या. आईनं पाकळ्या गोळा करून वाटीत ठेवल्या आणि उगवतीकडे तोंड करून ती वाटी मांडली. तासाभरात दुसरा पलंग आला. तिथल्या पहिल्या रात्री खोलीखाली पाणी खांबांवर आपटत राहिलं आणि आईला झोप लागली नाही. झोप हलकी असलेल्या माणसाला हे आधी सांगायला हवं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाण्यावर घर बांधायची ही कल्पना कुणाची, असं आईनं विचारलं. पहिली अशी खोली १९६७ मध्ये प्रशांत महासागरात, ताहितीच्या बाजूच्या रायाटेआ बेटावर बांधली गेली, तीन अमेरिकन मित्रांनी. त्यांच्या हॉटेलला वाळूचा किनारा नव्हता, म्हणून त्यांनी खोल्याच पाण्यात नेल्या. आई म्हणाली, "म्हणजे अडचणीतून निघालं." तिला ते पटलं.

बुधवारी २६ तारखेला महाशिवरात्र होती. साबुदाणा आणि दाण्याचं कूट आम्ही बरोबर नेलं होतं. आचारी केरळचा निघाला. त्यानं आईला स्वयंपाकघरात बोलावलं, साबुदाणा किती वेळ भिजवायचा ते विचारलं, आणि खिचडी अशी केली की आईनं दुसऱ्यांदा मागितली. बाकीच्या दिवशी डाळ, भात, भाज्या, पपई, अननस. उपाशी राहायची वेळ आली नाही.

पोवळ्यांची गोष्ट त्या मुलीनं लिहिली होती तशीच निघाली. फांद्यांची पोवळी राखाडी पडलेली, काही मोडून तळाशी पसरलेली. आई जेटीच्या कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली. मग त्या मुलीनं एक मोठं गोल पोवळं दाखवलं, मोसंबी रंगाचं, जिवंत, आणि त्याला कुरतडणारा पोपटमासा. पोवळं चावून तो दगडाची वाळू करतो आणि या बेटांवरच्या पांढऱ्या वाळूचा बराचसा भाग त्याच्याच पोटातून आलेला असतो. आईनं हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. वर्गात सांगायचं राहून गेलं, असं ती म्हणाली.

त्या संध्याकाळी वाळूत बसून मी तिला मी वाचलेलं एक सांगितलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त जागेवरून आपल्या दख्खनचा लाव्हा वाहिला, तिच्यावरूनच भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप-मालदीवची ज्वालामुखींची रांग उमटत गेली. तीच जागा आज मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटाखाली आहे. आम्ही बसलो होतो त्या वाळूच्या खाली दोन किलोमीटरहून जास्त जाडीचा पोवळ्यांचा चुनखडक, आणि त्याच्याखाली काळा पाषाण. आईच्या वेळच्या पुस्तकात हे नव्हतं. ती बराच वेळ वाळूत बोटानं काहीतरी काढत राहिली. मग म्हणाली, "अजिंक्यताऱ्याचंच भावंड की हे."

तिथेच तिला एक कवडी सापडली, पिवळसर, गुळगुळीत. माझी आजी तुळजाभवानीची, तिच्या गळ्यात कवड्यांची माळ असायची. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता, आणि इथल्या कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेतात असं त्यानं लिहून ठेवलंय. हिंदुस्थानात चलन म्हणून फिरलेल्या कवड्यांचं मोठं आगर म्हणजे ही बेटं. आजीच्या माळेतल्या कवड्या कुठून आल्या असतील हे आता कुणाला विचारणार? शिंपले-कवड्या नेऊ नका असं रिसॉर्टनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आईनं ती कवडी कपाळाला लावली आणि ओल्या वाळूत परत ठेवली.

शिडीवरून ती शेवटच्या दिवशी सकाळी उतरली. डाव्या हातात कठडा, उजवा हात माझ्या खांद्यावर. नवव्या पायरीवर पाणी गुडघ्याला लागलं, तिथे ती थांबली आणि पुढे गेली नाही. पाच-सहा मिनिटं तशीच उभी होती. पायांभोवती बोटाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे आले, आणि ती त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही.

परतीच्या विमानाची वेळ आदल्या संध्याकाळी कळली, सकाळी सव्वानऊ, मालेच्या घड्याळानं. सामान बाहेर ठेवून आम्ही जेटीवर आलो. मी आईला म्हटलं, येताना उजवीकडे बसलीस, आता डावीकडची खिडकी मागते, म्हणजे दुसरी बाजू बघशील.

"अगं, नाही," ती म्हणाली. "येताना आपण पश्चिमेला चाललो होतो, उजवीकडे उत्तर होती. आता पूर्वेला जाणार. डावीकडे बसले तर तीच उत्तर पुन्हा दिसेल. दक्षिण राहिलीय माझी. उजवीकडचीच माग."